फाटक्या कानाची म्हैस

मी होटगीची एक वयस्क पंढरपुरी म्हैस आहे. माझी शिंगे तलवारीसारखी, पाठीपर्यंत वळलेली. मित्रांनो, आमच्या कुळाला यमधर्माचे वाहन म्हणतात. ते वचन एका दुपारी खरे ठरता ठरता राहिले.

माझी मालकीण निंगव्वा. पूर्वी ती कर्जासाठी बँकेत गेली की साहेब जामीनदार मागत. जामीन राही तिचा दीर गुरुलिंग. आणि एका सहीच्या बदल्यात माझे सकाळचे दूध वर्षभर फुकट नेई. पुढे माझ्या कानात पिवळा बिल्ला आला. त्यावरील क्रमांकापुढे माझे दूध संकलन केंद्राच्या मोबाईलमध्ये रोज नोंदले जाऊ लागले. ती नोंद पाहून बँकेने दुसऱ्या म्हशीसाठी निंगव्वाला कर्ज देऊ केले, तेही जामिनावाचून. साहेब येऊन माझा बिल्ला तेवढा पाहणार होते.

ते येण्याच्या आदल्या दुपारी गुरुलिंग पक्कड घेऊन गोठ्यात शिरला. त्याने माझे दावे खुंट्याशी आवळले आणि बिल्ला हिसडून ओढला. कान उभा फाटला. रक्त माझ्या डोळ्यांत उतरले.

निंगव्वा धावत आली. "भाऊजी, सोडा तिला."

"बिल्लाच न्हाय तर कर्ज कुटलं, वैनी? जावा, मोबाईललाच जामीन ऱ्हा म्हणावं."

"मोबाईल दूध तरी न्हेत न्हाय की."

त्याने पक्कड तिच्या तोंडावर हाणली. ती शेणात कोसळली. मी दावे तोडले. शिंग त्याच्या मांडीत शिरले. मी त्याला गव्हाणीवर आपटले, पुन्हा आपटले. हाड मोडल्याचा आवाज आला. मी परत मान खाली घातली, तोच निंगव्वा मध्ये आडवी आली.

"बास गं माजे आई. ह्यो मेला तर तुला खाटकाकडं धाडतील."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांपुढे रक्ताळलेला बिल्ला धरला.

"बाई, तो कानातच हवा. नवा लावून घ्या. पण क्रमांक बदलेल, दुधाची नोंद पहिल्यापासून सुरू होईल."

दवाखान्यातून गुरुलिंगचा निरोप आला: पोलिसांत दिलेली तक्रार मागे घ्या, जामिनाची सही करतो. निंगव्वाने तक्रार तशीच ठेवली. तिने नवा बिल्ला लावायला गुरांच्या डॉक्टरांना बोलावले.

डॉक्टरांच्या हाती बिल्ला टोचायची पक्कड दिसताच मी मागे सरले. निंगव्वाने आपला फुटका ओठ माझ्या कपाळी टेकवला.

मित्रांनो, नोंदी ठेवणारी यंत्रे तुम्ही अवश्य घडवा. परंतु ज्या देहावर ती नोंद टोचता, त्या देहाचेही रक्षण करा.

मी दुसरा कान पुढे केला.