बेगमचा चीक

आमच्या अरबाला, अबू इमादला, काय अवदसा आठवली कोण जाणे, सित्रा बेटावरच्या बागेत त्यानं काश्मिरी लोकरीच्या बकऱ्या आणून ठेवल्या. बहारीनच्या उन्हात लोकर! सांभाळायला मी, रायगडचा कमाल. या जातीचं खाल्लेलं सगळं लोकरीत जातं, दूध म्हणाल तर नावाला. करडांचं पोट भरलं तरी मिळवली.

पण हे नईम मोहल्ल्यातल्या माझ्या शेजाऱ्यांना कोण सांगणार? विनीतची बायको उल्का, तिला सातवा महिना. डोहाळे लागले ते नेमके खरवसाचे. तिची आई गावी, इथं लाड करायला कुणी नाही. पोटुशीला नाही कसं म्हणायचं? बेगम नावाची बकरी तेव्हा गाभण होती. तिचा चीक देतो म्हणून मी शब्द देऊन बसलो. माझी जीभच मेली सैल.

बेगम सकाळी व्याली आणि मी मूर्ख लगेच विनीतला फोन करून मोकळा झालो. मागून दुसरं करडू आलं. पहिलं उठून लुचायला लागलं होतं, हे मात्र मलूल पडलेलं, मान धरेना. चिकाचा घोट पोटात गेला नाही तर ते काही जगत नव्हतं. कास पिळून पिळून वाटीच्या तळाला जेमतेम चीक आला. तेवढ्यात विनीत डबा घेऊन हजर, मागोमाग उल्काही.

शब्द मोडावा तर पोटुशी हिरमुसणार, पाळावा तर करडू जाणार. मी विनीतवरच डाफरलो, एवढा डबा आणलास, ही बकरी आहे की म्हैस? तो बिचारा ओशाळला.

उल्कानं वाटीत बघितलं, मग करडाकडे. ती फतकल मारून बसली, करडू मांडीवर घेतलं आणि चिकात बोट बुडवून त्याच्या तोंडात घातलं. एकदा, दोनदा. मग त्यानं बोट असं चोखलं की तिला हसूच फुटलं. बोटाबोटानं वाटी रिकामी झाली. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. थोड्या वेळानं लेकाचं उभं राहिलं आणि तिच्या साडीवर मुतलं.

विनीतनं भीतभीत विचारलं, मग तुझ्या खरवसाचं काय?

“खलास, पुरले माझे डोहाळे,” ती म्हणाली. “आता कोमट पाणी आणा. बाळंतीण मघापासून उभी आहे, तिला कुणी विचारलंय का?”

आम्ही दोघे बाप्ये पाणी तापवायला पळालो.