ताईचं रक्त आणि चिमणचा घेवडा

सभागृहात खुर्च्या कमी आणि माणसं जास्त झाली होती. संशोधन संस्थेत तयार झालेला नवा घेवडा लोकांच्या ताटात येऊ द्यावा की नाही, यावर प्रत्येकाला बोलायचं होतं आणि ऐकायचं कुणालाच नव्हतं. व्यासपीठावर चिमण बसला होता. नाव चिमण असलं तरी गडी चांगला आडव्या अंगाचा. लहानपणी काडीसारखा होता, तेव्हा घरच्यांनी मारलेली हाक चिकटली ती चिकटलीच.

घेवडा त्याचाच. साध्या घेवड्यात शरीराला लागणारं एक सत्त्व कमी पडतं, ते भरून काढायला त्याने एका रानझाडाच्या बीमधला जनुक घेवड्यात बसवला होता. ज्या मुलांच्या वाट्याला रोज डाळ-शेंगांपलीकडे काही येत नाही, त्यांच्या अंगी लागेल असं काहीतरी करायचं, या एका ध्यासात त्याचे केस पांढरे झाले होते.

मधल्या रांगेतून एक बाई उठली आणि चिमण खुर्चीत सावरून बसला. ती त्याची थोरली बहीण होती. ताईची बाजारपेठेत बेकरी होती, आणि घेवड्याच्या विरोधात बोलणाऱ्यांत तिचाच आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

"ते रानझाड अक्रोडाचं नात्यातलं ना?" तिने विचारलं.

"लांबचं नातं आहे. चुलत-चुलत म्हण हवं तर."

"मला अक्रोड चालत नाही, हे तुला ठाऊक आहे."

ठाऊक नसायला काय झालं! लहानपणी कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने केकमधला अक्रोड खाल्ला, आणि बघता बघता तिचा चेहरा सुजला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरांना आणायला अनवाणी धावला होता तो चिमणच.

"ज्या ज्या गोष्टींचा लोकांना त्रास होतो, त्यांच्याशी आम्ही संगणकावर ताडून पाहिलंय," तो म्हणाला. "कशाशीच जुळत नाही."

"संगणकाच्या अंगावर गांधी उठतात का रे?"

सभागृहात हशा पिकला. ताई मात्र हसली नाही. तिने बाही कोपरापर्यंत सरकवली. "माझं रक्त घे आणि त्यावर तपास. पण निघेल ते सगळ्यांसमोर सांगायचं."

असली तपासणी पुढे कधीतरी व्हायचीच होती. पण इतक्या लोकांसमोर पसरलेला हात पाहून संस्थेच्या संचालिकाबाईंनी तिथल्या तिथे मान हलवली. अक्रोड न चालणारी आणखी काही माणसंही पुढे आली.

रक्त घेताना चिमण शेजारी उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले.

"सुई मला टोचतायत," ताई म्हणाली. "डोळे तू कशाला मिटतोस?"

निकाल आला तो पांढऱ्या पट्ट्यांवर. साध्या घेवड्याची पट्टी कोरी होती. नव्या घेवड्याच्या पट्टीवर मात्र ठसठशीत काळी रेघ उमटली होती. म्हणजे ताईच्या रक्ताने त्या रानझाडाचं सत्त्व ओळखलं होतं, आणि ते त्याला शत्रू वाटलं होतं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून चिमणने सगळं साहित्य बदलून तपासणी नव्याने केली. रेघ पुन्हा तिथेच. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या पट्ट्याही तेच सांगत होत्या.

तो स्टुलावर बसून राहिला. आणखी थोडं तपासू, इतक्यात बोलायला नको, असा एक विचार मनात डोकावला. मग डोळ्यांसमोर शाळेतली जेवणाची पंगत आली, आणि त्या पंगतीत श्वासासाठी धडपडणारी कुणाची तरी ताई. तो उठला आणि पट्ट्या घेऊन थेट संचालिकाबाईंच्या खोलीत गेला.

बाईंनी पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या, चष्मा काढला आणि खुर्चीला पाठ टेकली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

"बरं कसलं, बाई? सगळं मातीत गेलं."

"मातीत गेलं म्हणूनच बरं. ताटात गेलं असतं म्हणजे?"

पुढच्याच क्षणी त्यांनी फोन उचलला. घेवड्याचं काम बंद, प्रयोगाचं सगळं बी जाळून टाका, आजच कळवा. चिमण ऐकत होता. आपण रडू असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसा त्याने भरभरून श्वास घेतला.

बेकरीत ताई भट्टीतून ट्रे काढत होती. "या शास्त्रीबुवा!"

"रेघ आली, ताई. काळीकुट्ट. घेवडा बंद केला आम्ही."

आता ही टाळ्या पिटणार, गल्लीभर सांगत सुटणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. ताईने ट्रे ठेवला आणि ती मटकन मैद्याच्या पोत्यावर बसली.

"तू आपणहून सांगायला आलास?"

"मग कुणी यायचं?"

"मला वाटलं होतं, गोलमाल बोलशील. किरकोळ आहे, अजून बघतोय, असलं काहीतरी. जिवाला घोर लागला होता रे. तू लपवलं असतंस तर तुझं तोंड कसं बघितलं असतं मी?" पदराने डोळे पुसताना तिच्या गालाला मैदा लागला. तो पाहून चिमणला हसू फुटलं, आणि त्याला हसताना पाहून तिलाही.

"आता तरी पटलं?" ती म्हणाली. "असले उद्योग करूच नयेत."

"नाही पटलं. तपासलं म्हणूनच कळलं ना?"

"मी हात पुढे केला म्हणून तपासलंत!"

"तपासणारच होतो," तो म्हणाला. "पण इतक्या लवकर नाही. तेवढं तुझं खरं."

पुढच्या सभेत ताईच्या बाजूचे लोक तिने आग ओकावी म्हणून टपून बसले होते. ती उभी राहिली. "हा घेवडा माझ्या जिवावर बेतला असता, आणि हे मला माझ्या भावानेच येऊन सांगितलं. मी अजून विरोधातच आहे. प्रत्येक नवा पदार्थ वेगळा तपासा, पाकिटावर ठळक लिहा, नाहीतर मी आहेच. पण हे सगळे लपवाछपवी करतात, असं यापुढे माझ्या तोंडून येणार नाही."

मागून कुणीतरी "भावाची बाजू घेतली" असं ओरडलं. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सभा संपल्यावर दोघं रस्त्याने चालत निघाली. चिमण आता सूर्यफुलाच्या बीमधला जनुक घ्यायचा विचार करत होता. ताईला त्यातही खोट दिसत होती. आवाज चढत गेले, वळणावरची माणसं वळून बघायला लागली. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. आईचा होता.

"काय झालं गं? कोण जिंकलं?"

"तोच सांगेल," ताई म्हणाली.

"नाही, तिलाच विचार," चिमण फोनशी तोंड नेत म्हणाला.

पलीकडे आईने चिमणचा आवाज ओळखला. "दोघं बरोबर आहात? बोलताय एकमेकांशी?"

"भांडतोय," दोघं एकदमच म्हणाली.

"मग बाकीचं राहू दे," आई म्हणाली. "मी पानं वाढते. या लवकर."