आवाजाची परीक्षा

नदीकाठच्या त्या वसाहतीत इतकी शांतता होती, की ती राखण्यापलीकडे तिथल्या लोकांना दुसरं कामच उरलं नव्हतं. फाटकावर पाटी, जिन्यात पाटी, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा पाटी: शांतता राखा. डबा बिचारा काय बोलणार होता, देव जाणे.

शिलाईवालीला दुसऱ्या मजल्यावरचं घर हवं होतं. हौस म्हणून नव्हे. तिचं जुनं घर दगड कापायच्या कारखान्यामागे होतं आणि नवऱ्याची छाती धुळीने पार खराब झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "इथे आणखी एक हिवाळा काढलात, तर पुढे माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

घरमालक तयार होता, पण परवानगी सोसायटीच्या हातात. अध्यक्ष नेमके खालच्याच घरात राहत. साहेबी संपून दहा वर्षं झाली, तरी मान काही खाली आली नव्हती. "शिवणाचं मशीन म्हणजे खडखडाट," ते म्हणाले. "मशीन वर आणा, पंधरा मिनिटं चालवा. आम्ही खाली बसून ऐकू. आमचे कान फार तिखट आहेत!" सचिवबाई आणि खजिनदारांनी मान डोलावली. तेवढ्यासाठीच त्यांना निवडून दिलेलं असावं.

शिलाईवालीच्या भावाने सतरंजी आणि मशीन टेम्पोतून आणून वर चढवून दिलं आणि तो निघून गेला. मागून नवरा कसाबसा दोन जिने चढला आणि दारातच मटकन खाली बसला. श्वास पुरेना. तिने त्याला खिडकीशी नेलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. खिडकीतून नदीचा गार वारा येत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि तेव्हा कुठे तिला मशीन आठवलं. त्यावरचं कापडसुद्धा काढलं नव्हतं. पंधरा मिनिटं तर कधीच होऊन गेली होती.

आता पुन्हा हातापाया पडावं लागणार होतं. एवढ्यात दार वाजलं. तिघंही उभे.

"ऐकलं!" अध्यक्ष म्हणाले. "असह्य आहे."

"माझं तर डोकंच उठलं," सचिवबाईंनी कपाळ दाबलं.

"भांडी हलत होती," खजिनदार म्हणाले.

शिलाईवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढी मोठी माणसं, आणि तिघांच्या डोक्यात मिळून एक बटण लावण्याइतकीही अक्कल नव्हती. मशीनवरचं कापड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण बघायचं कोणी? तोंडात चांगलं खमंग उत्तर आलं. मग तिने खिडकीकडे पाहिलं. नवरा डोळे मिटून बसला होता, आणि किती महिन्यांनी तो न खोकता श्वास घेत होता. तिने उत्तर गिळलं.

"साहेब, मशीनखाली जाड सतरंजी घालते. एकदाच पुन्हा ऐका ना."

"बरं, ऐकू," अध्यक्ष उपकार केल्यासारखे म्हणाले.

ते खाली गेल्यावर तिने सतरंजीची घडी नवऱ्याच्या पाठीशी उशी म्हणून ठेवली. मशीन उघड्या फरशीवरच राहू दिलं, आणि राग पायांत उतरेपर्यंत ते दामटलं. खिडकीची तावदानं थरथरली.

तिघं परत आले ते हसतमुखाने.

"आता कसं! टाचणी पडली तरी ऐकू येईल," अध्यक्ष म्हणाले. "माणसांना नीट समजावून सांगितलं की कळतं." कागदावर सही झाली.

महिन्याभराने एका रविवारी नवराबायको दुपारभर नदीच्या काठाने फिरून आले. नवरा दोनदाच थांबला, तेही पाणी बघायला. दाराला चिठ्ठी लटकत होती: आज दुपारभर मशीनचा फार त्रास झाला. सतरंजी नीट घालावी. अध्यक्ष.

तिने ती नवऱ्याला वाचून दाखवली.

"अगं, जाऊन सांग ना त्यांना, घराला कुलूप होतं म्हणून!"

"कशाला? उद्या दिवसभर चालवायचं आहे मला."

तिने चिठ्ठीची बारीक घडी केली आणि मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. नवऱ्याला हसू फुटलं. तो पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ती सवयीने पाण्याचा पेला घेऊन धावली आणि खोकल्याची वाट बघत शेजारी उभी राहिली.

खोकला आलाच नाही. मग तिने ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.