फ्लेक्सवरचे अठ्ठ्याण्णव

लातुरात माझं तोंड दोन ठिकाणी टांगलेलं आहे. एक चौकात, तीन मजली इमारतीवर आणि दुसरं आमच्या क्लासच्या फाटकाशी, माणसाच्या उंचीवर. दोन्हीकडं माझ्या डोक्याशेजारी लाल गोलात ९८.४ असा आकडा आहे. खाली ‘कु. मंजुश्री मल्लिनाथ हुडगे, आमची शान’. वर हाताची घडी घातलेले संगमेश्वर सर, आम्हा आठ पोरापोरींपेक्षा मोठे. फ्लेक्सवाल्यानं मला इतकं गोरं केलंय की माझी सख्खी आईसुद्धा आधी नाव वाचते, मग ओळखते.

मला त्या फ्लेक्सची किळस येते. आणि त्याहून जास्त माझी येते, कारण फोटो मीच दिला.

झालं असं की, मॅनेजमेंटच्या त्या प्रवेश परीक्षेत तीन विभाग असतात: इंग्रजी, गणित आणि डेटा. डेटा म्हणजे तक्ते, आलेख आणि डोकं पिंजून काढणारी कोडी. मागच्या खेपेला मला इंग्रजीत ९८.४ पर्सेंटाइल आले, गणितात ७० आणि डेटात ३१. म्हणजे इंग्रजीत शंभरातले दोघेच माझ्या पुढं होते, आणि डेटात जवळजवळ सत्तर जण मला तुडवून पुढं गेले होते. ज्या ज्या संस्थेत अर्ज केला होता, तिथं तिन्ही विभागांना किमान पर्सेंटाइलची अट होती. एकीनंही मुलाखतीला बोलावलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी संगमेश्वर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. क्लास त्यांचाच. त्या केबिनमध्ये कायम मोगऱ्याचा स्प्रे मारलेला असतो आणि त्याखाली ओल्या गालिच्याचा वास.

“बेटा, पुढच्या वर्षाची बॅच तुला फ्री. हॉस्टेलसुद्धा. फक्त एक पासपोर्ट फोटो दे.”

“सर, पण माझी निवड झालेली नाही.”

“निवड झाली असं आपण कुठं लिहितोय? आपण तुझा आकडा लिहितोय. आकडा खोटा आहे का?”

खोटा नव्हता. मी पर्समधून फोटो काढून दिला. इतकं सोपं होतं ते.

आठवड्यात फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत उदगीरला पोचला. तिथं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, किराणा दुकान आहे. अप्पांनी तो मोठा करून गल्ल्यामागं चिकटवला. मग समाजाच्या गुणवंत सत्कारात माझं नाव आलं. सूत्रसंचालकानं “अठ्ठ्याण्णव पॉइंट चार टक्के!” अशी आरोळी ठोकली, टाळ्या पडल्या, गळ्यात शाल आली, हातात नारळ आला. मी तोंड वर करून हसले. परत येताना अप्पांनी विचारलं, “मग आता कालेज कदी चालू होतंय?”

“प्रोसेस चालू हाय, अप्पा.”

अप्पांनी मान हलवली आणि पुढं कधी विचारलं नाही. त्यांना मी शिकलेली वाटत होते, त्यामुळं प्रोसेस म्हणजे काहीतरी असणारच असं ते धरून चालले.

तेव्हापासून दुसऱ्या खेपेची तयारी चालू आहे, चोरून केल्यासारखी. रोज सकाळी डेटाचे चार संच. पाच मित्र गोल टेबलाभोवती बसलेत, प्रत्येकाचा आवडता रंग वेगळा, हिरवा आवडणारा डॉक्टरच्या शेजारी बसत नाही, तर वकिलाला कोणता रंग आवडतो? आपल्या मित्राचा रंग शोधायला ज्याला सात अटी लागतात त्यानं मैत्री कशाला करावी? पण राग काढून मार्क मिळत नाहीत. माझी चूक ठरलेली होती. तक्ता दिसला की मी थेट आकड्यांवर झेप घ्यायचे. रकान्याचं शीर्षक वाचायचे नाही, तळटीप तर नाहीच. आकडे हजारात आहेत की टक्क्यांत, हे मला उत्तर चुकल्यावर कळायचं.

“आधी शीर्षक, मग तळटीप, मग आकडे,” सर वर्गात फळ्यावर हात आपटून सांगायचे. त्या माणसानं मला शिकवलेली एवढीच खरी गोष्ट. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ती मला सरांकडून शिकायला लागली. अप्पांच्या दुकानात प्रत्येक डब्यावर पाटी असते, आधी मालाचं नाव, मग भाव. चौथीत असताना मी एका डब्यावर नुसता भाव लिहून ठेवला होता. अप्पा रागावले नाहीत. म्हणाले, “ह्या भावानं काय द्यायचं गिऱ्हाइकाला, डबा का?” आणि खिशातल्या काळ्या मार्करनं वर ‘हरभरा डाळ’ लिहिलं. तो जाड मार्कर अजूनही त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो.

शीर्षक वाचायची सवय लागली आणि सराव परीक्षेत माझे डेटाचे पर्सेंटाइल एकतीसवरून बहात्तरवर आले. पण तेव्हापासून फाटकातून आत जाताना तो लाल गोल डोळ्यांत खुपायला लागला. वर शीर्षक नाही. खाली तळटीप नाही. आठ चेहरे, आठ आकडे, बस्स.

ऑगस्टच्या एका रविवारी नव्या बॅचचा डेमो ठेवला होता. पालकांसहित. सर म्हणाले, “टॉपर म्हणून तू दहा मिनिटं बोल, डेटाचा एक संच सोडवून दाखव. आणि हो, ती सत्काराची शाल घेऊन बस. इम्पॅक्ट पडतो.”

शाल घेऊन खुद्द अप्पाच आले. सोबत राजकन्या होती, देवणीची, अप्पांच्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी. वेणीला तेल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत काय आहे विचारलं तर तिनं नेमणुकीचं पत्र काढून दाखवलं. नांदेडला कनिष्ठ लिपिक, सोमवारी हजर व्हायचं होतं.

“म्हणजे उद्या?” मी म्हणाले.

“न्हाई जाणार, ताई. काका म्हणले, मंजू झाली, तू बी होशील. लिपिकात काय जिंदगी काढतीस. घरचे तयारच नव्हते, काकांनी पटवलं. आज इथं फॉर्म भरला की झालं.”

अप्पा शेजारी उभे राहून कौतुकानं माझ्याकडं बघत होते. माझ्यापुरतं खोटं मी आठ महिने गिळलं होतं. आता ते एका पोरीची नोकरी खाणार होतं, आणि वाढणारे हात माझ्या बापाचे होते.

हॉल गच्च भरला होता. सरांनी माझी ओळख करून दिली, माझ्या खांद्यावरची शाल स्वतः नीट केली. त्यांचा हात लागला तिथं मला आंघोळ करावीशी वाटली. मी खडू घेतला. तयार केलेला संच बाजूला ठेवला आणि फळ्यावर आमचा फ्लेक्स काढला. आठ नावं, समोर आठ आकडे.

“प्रश्न असा,” मी म्हणाले, “यातल्या किती जणांना प्रवेश मिळाला?”

कुणी आठ म्हणालं. कुणी सात. एका पालकानं “सगळ्यांना!” असं ओरडून स्वतःच टाळी वाजवली. मी राजकन्येकडं बघितलं. ती डोळे बारीक करून फळा वाचत होती, डावीकडून उजवीकडं, मग वर. तिनं हात वर केला.

“ताई, हे पर्सेंटाइल कशातलं हाय ते वर लिव्हलंच न्हाई. मग कसं सांगायचं?”

जे मला समजायला दोन वर्षं लागली, ते तिला दोन मिनिटांत दिसलं.

“नाहीच सांगता येत,” मी म्हणाले, आणि माझ्या नावासमोर लिहिलं: इंग्रजी ९८.४, गणित ७०, डेटा ३१. “मला कुठंच प्रवेश मिळालेला नाही. यंदा नोव्हेंबरात परत परीक्षा देणार आहे. बाकी सात जणांचं मला माहीत नाही. त्यांना विचारा.”

मी अप्पांकडं बघितलं नाही. बघवलंच नाही.

मला वाटलं, आता सर हाकलून देतील. सर हसत हसत पुढं आले, माईक घेतला. “पालकहो, बघितलंत? आमची विद्यार्थिनी आमच्याच फ्लेक्सवर बोट ठेवते! हा कॉन्फिडन्स, ही विचार करायची पद्धत कुठं घडते? इथं! एकतीसवरून ती आज बहात्तरवर आली आहे. जोरदार टाळ्या!”

आणि टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, सत्काराला पडल्या होत्या त्याहून जास्त. मागून एका पालकानं विचारलं, “सर, एकतीस आले तरी फ्लेक्सवर फोटो लागतो का?” सर म्हणाले, “का नाही!” फॉर्मच्या टेबलापासून फाटकापर्यंत रांग लागली. मी खरं बोलले होते आणि त्यांनी ते गरम गरम वाढून टाकलं, पुन्हा माझ्याच नावानं.

राजकन्या रांगेत नव्हती. ती दाराशी आली, पिशवी छातीशी धरून. “मी नांदेडला चालले, ताई. अभ्यास तितून बी होतो.” मग घुटमळली. “काकांस्नी काय बोलू नका. त्यांना ठाव नव्हतं.” ती रिक्षा करून बसस्टँडकडं गेली.

अप्पा फाटकाशी उभे होते, फ्लेक्सपुढं. मी जवळ गेले तरी वळले नाहीत. खिशातून मार्कर काढला, टोपण दातात धरलं आणि माझ्या लाल गोलाच्या वर, दुकानातल्या पाटीवर लिहितात तसल्या गोल अक्षरात लिहिलं: ‘इंग्रजी’.

“बाकीचे सांग.”

“गणित सत्तर.”

लिहिलं.

“डेटा एकतीस.”

तेही लिहिलं. एकतीसवर हात क्षणभर थांबला, पण आकडा स्वच्छ आला. रांगेतले लोक वळून बघायला लागले. सर पळत बाहेर आले. “काका, हे काय करताय?”

“पाटी पुरी करायलोय,” अप्पा म्हणाले. “आता हिला टाळ्या वाजवा.”

कुणी वाजवल्या नाहीत.

अप्पांनी माझ्या खांद्यावरची शाल काढून घेतली, घडी घालून काखेत धरली. “ही मी समाजात परत देतो. दुकानातला फोटो बी उतरवतो. लोक काय म्हणायचं ते मला म्हणतील, तू नको येऊ.” मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. “एकतीस आले म्हणून मी तुला घराभाईर काडलो असतो का, मंजू?”

मी त्यांच्या काखेतली शालीची सुटलेली घडी नीट केली.

“नोव्हेंबरात पडतील ते आकडे आधी मला सांग,” ते म्हणाले. “तिन्ही.”

“सांगते, अप्पा.”

मार्कर खिशाला लावून ते उदगीरच्या बसकडं निघाले, आणि मी त्यांच्या मागं.