टाकी बसल्याचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे. कपडे वाळवणे हे माझे काम, आणि माझ्याच पायाशी गेले दोन महिने ओले फडके पडून होते. याहून मोठी थट्टा कोणती?

कारखान्यात एका बाईंनी माझा शेवटचा स्क्रू पिळला, दार सात वेळा उघडून लावून पाहिले आणि मला पास केले. माझी रचना सोपी आहे. गरम हवा ओल्या कपड्यांतले पाणी वाफ करून उचलते, ती वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि एक छोटा पंप ते वरच्या खणातल्या टाकीत चढवतो. टाकी भरली की ओतायची आणि परत आत सारायची. ‘खट्’ वाजले म्हणजे ती नीट बसली. अर्धवट बसली तर पाणी टाकीत न पडता खाली सांडते. इतके साधे आहे हो!

मी ज्या घरात आलो तिथे सूनबाई पाळणाघर चालवतात. बारा मुलांच्या चादरी, दुपटी, लाळेरी रोज माझ्याकडे. “हा आहे म्हणून माझं निभतंय,” असे त्या आल्यागेल्याला सांगत आणि मी फुशारून जाई. टाकी ओतण्याचे काम त्यांच्या सासऱ्यांनी आपणहून घेतले होते. आजोबा घड्याळजी. चाळीस वर्षे घड्याळे कानाशी धरून त्यांनी त्यांची दुखणी ओळखली. टाकीतले पाणी ते गॅलरीतल्या कुंड्यांना घालत, टाकी अलगद आत सारत आणि ‘खट्’ ऐकूनच हात काढत. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

मग मी गळू लागलो. पाणी थेट मुलांच्या खोलीपर्यंत गेले. एक रांगते बाळ त्यात सटकले आणि त्याच्या कपाळावर टेंगूळ आले. सूनबाई संतापल्या. “शनिवारपर्यंत गळती थांबली नाही, तर हा भंगारात जाणार!”

मेकॅनिक आला. त्याने दाराचे रबर बदलले. “आता थेंब जरी पडला तर नाव बदलीन, ताई.” दुसऱ्या दिवशी मी गळलो. तो पुन्हा आला, पंप उघडून त्यातला धाग्यांचा गुंता काढला. मी पुन्हा गळलो. तिसऱ्या खेपेला त्याने माझे पाय वरखाली करून मला सरळ उभे केले. गंमत अशी, की तो असताना मी कधीच गळत नसे, कारण टाकी तो स्वतः दणकून बसवी. तो गेला की आजोबा टाकी ओतायला येत.

मला सगळे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. आजोबा टाकी सारत, मान कलती करत, थोडे थांबत आणि म्हणत, “बसली.” कुठली बसली? बोटभर बाहेर! पण कशावरही जोर करायचा नाही, हा घड्याळजीचा हात. मी पोटातल्या पोटात जळत होतो. सगळे माझेच रबर, माझाच पंप, माझेच पाय तपासत होते.

शुक्रवारी सूनबाई माझ्यासमोर चादरींच्या घड्या घालत होत्या. आजोबांनी टाकी सारली. “बसली.”

“बाबा, वाजलं कुठे?”

“वाजलं की. मी ऐकलं ना.”

सूनबाईंनी अंगठ्याने टाकी दाबली. खट्! आजोबा कुंड्यांकडे बघत उभेच राहिले. सूनबाईंच्या हातातली चादर खाली आली.

“बाबा, आत्ता वाजलं. ऐकू आलं तुम्हाला?” त्यांनी मोठ्याने विचारले.

आजोबा स्टुलावर बसले. “भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय वाटून मी दोनदा सेल बदलला गं. काटे फिरतच होते.”

“मग सांगायचं नाही का?”

“घड्याळजीला टिकटिक ऐकू येत नाही, हे कुणाला सांगू?”

माझा सगळा राग तिथेच विरघळला. सूनबाईंनी त्यांचा अंगठा धरून टाकीवर ठेवला. “इथे दाबा. बसली की बोटाला हादरा कळतो.” त्यांनी दाबले. कळला.

मित्रांनो, घरातले यंत्र बिघडले तर जरूर मेकॅनिकला बोलवा. पण त्या यंत्राला रोज मायेने हात लावणारे माणूस कसे आहे, तेही एकदा विचारा. ते आपणहून सांगत नाही.

शनिवारी भंगारवाला आला नाही. सूनबाई आजोबांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. निघताना त्यांनी माझ्या पायाशी पडलेले ते फडके उचलले आणि वाळवायला माझ्याच पोटात टाकले.