कृष्णेतून पुंगोलला आलेली बोट

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही. पण साठ वर्षांपूर्वी वाईच्या घाटावरून कृष्णेत सुटलेली एक पत्र्याची बोट गेल्या भाद्रपदात सिंगापुरात, पुंगोलच्या कालव्याकाठी, माझ्या पायाशी येऊन थांबली. वीतभर लांब, मेणबत्तीवर पुकपुक करत चालणारी. वाटल्यास नकाशा काढून बघा. कृष्णा पूर्वेला वाहते, बंगालच्या उपसागराला मिळते. तिथून अंदमान डाव्या हाताला ठेवून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरलं, की सिंगापूर नाकासमोर.

हे सगळं मी माझ्या धाकट्या बहिणीला, मालतीला, सांगायचं ठरवलं होतं. तुम्हाला म्हणून खरं सांगतो. तिला कळू देऊ नका.

बोट तिची. ती सात वर्षांची आणि मी दहाचा असताना जत्रेत बाबांनी तिला बोट घेतली आणि मला पिपाणी. पिपाणी दुपारपर्यंत फाटली. बोट मात्र परातीत फेऱ्या मारत राहिली, आणि सगळी गल्ली मालतीभोवती. मला ते सहन होईना. संध्याकाळी बोट तांदळाच्या डब्यात खोल खुपसली आणि तोंड पाडून सांगितलं, "माले, मी घाटावर चालवून बघत होतो. नदीनं नेली."

ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना, म्हणून डब्यात हात घातला, तर बोट गायब! तळापर्यंत चाचपलं. विचारणार कोणाला? पुढे महिनाभर मालती रोज संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसून नदीकडे बघायची. मी लांबून तिला बघायचो आणि मला जेवण जायचं नाही. एरवी चार पोळ्या खायचो, त्या साडेतीनवर आल्या.

साठ वर्षं तो अर्ध्या पोळीचा घास घशात अडकून होता.

यंदा मी पुण्यातला फ्लॅट बंद करून मुलाकडे, विवेककडे, पुंगोलला कायमचा आलो. माझ्याबरोबर आईच्या गौरीही आल्या. मुखवटे पिशवीत माझ्या मांडीवर, आणि ज्यांवर ते बसवतात त्या पत्र्याच्या पोकळ कोठ्या सामानात. एकदा साडी नेसवली की कोठीच्या आत काय आहे ते कोण बघतं? पण इरा, माझी नऊ वर्षांची नात, दिसेल ती वस्तू हलवून बघते, आणि इथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावते.

"आबा, आत काहीतरी आहे लाह!"

तिनं खालून हात घातला. आतल्या दांडीला लाल रिबनीनं घट्ट बांधलेली बोट निघाली. मी तिथंच फरशीवर बसलो. म्हणजे साठ वर्षं दर भाद्रपदात आम्ही सहकुटुंब त्या बोटीला हळदकुंकू वाहत होतो!

हे काम आईचंच, असं मी ठरवून टाकलं. तांदूळ काढताना बोट तिच्या हाती लागली असणार आणि मला अद्दल म्हणून तिनं लपवली असणार. तेही असो. मालती आता तिच्या मुलाकडे इथंच, सिंगापुरातल्या टॅम्पिनीसला असते आणि गौरीजेवणाला येणार होती. बोट तिच्या हातात द्यायची होती, चालती करून द्यायची होती, आणि चोर न ठरता द्यायची होती. हाताशी पाच दिवस होते.

बोटीचा रंग उडालेला, बूड गंजलेलं, मागच्या दोन नळ्या बुजलेल्या. आमच्या ब्लॉकखाली लिम अंकल बसतात. चाळीस वर्षं गोदीत काढलेला माणूस, आता शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करतो. त्यांनी बोट कानाशी धरून हलवली.

"बॉयलर गॉन," डॉक्टरच्या चेहऱ्यानं म्हणाले.

मग त्या माणसानं जे केलं! बोट रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, नळ्या बारीक तारेनं मोकळ्या केल्या. कॉफीवाल्याकडून कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा आणून त्याचा पत्रा कागदासारखा होईपर्यंत घासला, आणि बॉयलरवर डाग देऊन बसवला. तांबडा रंग मी दिला, निळा पट्टा इरानं. चौथ्या दिवशी लिमनी नळ्यांत ड्रॉपरनं काहीतरी घातलं, मेणबत्ती लावली, आणि बोटीनं बादलीत दोन फेऱ्या मारल्या. ड्रॉपरचं मी नीट पाहिलं नाही. मी टाळ्या पिटत होतो.

गौरीजेवणाच्या दिवशी पुरणपोळी झाली, विडे झाले. मी गौरीपुढे पाण्याची परात मांडली, खिशातून बोट काढली आणि गोष्ट सुरू केली. मालती डोळे मिटून ऐकत होती.

"अंदमानला थांबली होती का रे?" तिनं मध्येच विचारलं.

"दोन दिवस. मेण संपलं होतं."

"आणि सामुद्रधुनीत एवढाली जहाजं?"

"एका टँकरनं भोंगा वाजवला. हिनं पुक केलं. टँकर बाजूला झाला!"

माझी सून अदिती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी ऐटीत मेणबत्ती पेटवून बोट पाण्यात सोडली. बोट ढिम्म. पुन्हा पेटवली. ढिम्म.

"आबा, हलत नाहीये लाह," इरा कुजबुजली.

माझ्या घशातला घास पुन्हा वर आला. एवढा समुद्र ओलांडून बोट परातीत बुडणार!

"सर बाजूला," मालती म्हणाली. सदुसष्ट वर्षांची बाई पदर खोचून फतकल मारून बसली. तोंडात घोटभर पाणी घेतलं, एका नळीला ओठ लावले, आणि दुसऱ्या नळीतून थेंब येईपर्यंत फुंकलं. मग बोट पाण्यात ठेवून मेणबत्ती आत सारली.

पुक.

पुक, पुक. पुकपुकपुकपुक!

बोट परातीच्या कडेनं जी सुटली! इरा किंचाळली, विवेक मोबाइल शोधत धावला, आणि मालती दोन्ही हातांनी मांडीवर ताल धरून "चल गं, चल!" म्हणत हसायला लागली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही. मी मनात स्वतःलाच म्हटलं, हऱ्या, सुटलास.

तेवढ्यात, बोटीवरची नजर न काढता, तिनं विचारलं, "दादा, माझी लाल रिबन कुठंय?"

"इराच्या कंपासपेटीत," मी म्हणालो. म्हणजे तोंडातून निघूनच गेलं.

"खोटारड्या!" तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "म्हणे अंदमान! अरे, तांदळाच्या डब्यातून दुसऱ्याच दिवशी ती मी काढली, आणि तुझा हात पुन्हा लागू नये म्हणून गौरीच्या कोठीत बांधली. पुढच्या वर्षी काढायला गेले तर गाठ सुटेना, आणि आईला सांगायची सोय नव्हती. आणि घाटावर रोज बसायचे ना मी, ते नदी बघायला नव्हे रे. तू लांब उभा राहून कसं तोंड करतोस, ते बघायला!"