पडद्यावरची नदी

वडगावात घरातच दोन यंत्रमाग चालवणाऱ्या भरमूला एका शंकेनं पछाडलं होतं. माग बंद करून बाहेर पडला, की गल्लीच्या कोपऱ्यावरून तो परत यायचा, बटण बघायला. एकदा नाही, दहा-बारा वेळा. बंद आहे हे डोळ्यांना दिसायचं, जिवाला पटायचं नाही. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचला, तेव्हा बायको नागुबाई म्हणाली, "आता बास झालं. दवाखान्यात चला."

डॉक्टर स्वरालीनं सगळं ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या. "अजून एक उपाय करून बघू, अण्णा. सगळ्यांना लागू पडतोच असं नाही." तिनं त्याच्या डोक्याला गार मलम लावून वायरी चिकटवल्या. समोर पडद्यावर नदी वाहत होती. मेंदूची चलबिचल वाढली की चित्र अंधारणार, निवळली की उजळणार.

भरमूला नवलच वाटलं. हे यंत्राला कळतं कसं? त्यानं मुद्दाम बटण आठवलं. नदी काळवंडली. मग तुटलेला धागा बोटांनी जोडतोय असं मनात आणलं. हळूहळू पाणी चमकायला लागलं. पुन्हा बटण. पुन्हा काळोख.

"लई भारी हाय की! डॉक्टर, तुमचं डोस्कं कसं हाय? लावून दावा."

स्वराली जरा घुटमळली, पण बसली. नदी दिसेचना.

"उद्या लेकीचा निकाल आहे," ती ओशाळून म्हणाली. भरमू खदाखदा हसला, पाठोपाठ तीही.

डॉक्टरनं दिलेला घरचा अभ्यास मात्र अवघड होता. परतायची ओढ लागली तरी कोपऱ्यावर थांबून राहायचं. पहिल्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला. छातीतली धडधड किती वेळात शांत होते, हे तो घड्याळात बघू लागला. आधी पंचवीस मिनिटं, महिन्याभरानं दहा. एखाद्या दिवशी हरायचा, माघारी पळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा.

तीनेक महिन्यांनी दोघं बाजारात गेले. भाजी घेताना नागुबाईच दचकली, "अवो, माग बंद केलाय न्हवं?"

"केला असंल," म्हणत भरमूनं ढब्बू मिरची उचलली. छाती जराशी धडधडली. आज किती वेळ लागतोय, ते बघत तो मिरच्या निवडत राहिला.